आईचं नाव वर

आमचे सर दारू गाळतात अशी कोणीतरी चुगली केली आणि आबकारीचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. सर तेव्हा स्टोव्हवर मक्याचं पीठ, गूळ आणि काळी पडलेली केळी एकत्र शिजवत होते, आणि मी शेजारी बसून यीस्टची पुडी फोडत होते. वास सगळ्या गल्लीत गेला होता. पांढुर्ण्यात त्या वासाचा अर्थ लोक एकच काढतात.

शिपायानं विचारलं, "गुरुजी, ये क्या पका रहे हो?"

सर पातेल्यातून मान वर न करता म्हणाले, "पोट्ट्यायचा सैपाक करून राहिलो."

सरांचं लग्न झालेलं नव्हतं हे शिपायाला ठाऊक होतं, त्यामुळे तो आणखीनच सावध झाला. सरांनी त्याला हाताला धरून आत नेलं, भिंग दिलं आणि एका बाटलीतून दोन चिलटं काढून कागदावर ठेवली. चिलटं म्हणजे तीच, केळी पिकली की घोंगावतात ती. शिपाई बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला, "इसकी आँख तो एकदम सफेद है, और इसकी लाल." सर खूश झाले. म्हणाले, "हाव. आता यायचं लगीन लावलं तं पोट्ट्यायचे डोळे कसे होतीन?" शिपायानं उत्तर दिलं, ते साफ चुकलं, आणि मग खरं उत्तर पाहायला तो दर सोमवारी यायला लागला. येताना बाजारातली सडकी केळीही घेऊन यायचा. आमच्या आत्यानं तर कपाळावर हात मारून घेतला, कारण मागची खोली तिनं एका सरांना भाड्यानं दिली होती, सरकारी पाहुण्यांना नव्हे.

सर मूळचे मोहगावचे. मी सौंसरची, पण बी.एस्सी.साठी आत्याकडे राहायला आलेली. कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे आणि घरी मागच्या खोलीत राहायचे, त्यामुळे माझी त्यांच्यापासून सुटका कुठेच नव्हती. गावात त्यांना चिलटवाले सर म्हणत. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवून आठवून सांगावं लागे. कॉलेजच्या मागं एक छोटी खोली त्यांच्या ताब्यात होती. तीत बाटल्या, बाटल्या आणि बाटल्या. ती खोली एका वर्षी सरांच्या हातून जायची वेळ आली आणि ती माझ्यामुळे आली. आज चाळीसेक वर्षांनी सुद्धा ते आठवलं की माझे कान गरम होतात, म्हणून एकदा सांगूनच टाकते.

पण आधी सर सांगायला हवेत.

सर दिवस मोजत नसत, पिढ्या मोजत. चिलटाची पिढी दहा दिवसांची. आत्यानं विचारलं, "सर, खोलीचं छत गळते म्हणता, कवा पाहू?" तर सर म्हणायचे, "पाह्यजा ना, एखाद्या पिढीनं." माझ्या आतेभावाचं लग्न ठरलं तेव्हा तारीख ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तीन पिढ्या आहे अजून. लै टाइम आहे." आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

चिलटांना ते अहोजाहो करत. पिसानं एकेकाला बाजूला सारताना, "तुम्ही इकडं बसा. तुम्ही जरा थांबा, घाई नका करू." मोजण्याआधी चिलटांना इथर हुंगवून बेशुद्ध करावं लागतं. सरांचा अंदाज हटकून चुकायचा आणि चिलटांच्या आधी सरच झोपत. एकदा मी खोलीत गेले तर टेबलावर गाल टेकवून घोरत होते आणि जागी झालेली चिलटं त्यांच्या कपाळावर फिरायला निघाली होती. मी हलवलं तर डोळे न उघडता म्हणाले, "मोजून झाले का?"

आणखी एक खोड होती. कोणाच्याही घरी बाळ झालं की लोक बाप काय करतो ते विचारतात. सर बाळंतिणीच्या आईचं गाव विचारत. नवरा मुलगा पाहायला आलेल्या मंडळींत बसून नवऱ्याला त्याच्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं माहेर विचारत. कॉलेजचा प्रवेशअर्ज भरताना त्यांनी एका पोराच्या बापाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं आणि कारकुनानं अर्ज परत पाठवला. सर म्हणाले, "बाप कोण ते तं समदेच सांगते. आईचं कोणी पुसतच नाही, अन् खरी गंमत तिथंच आहे." त्यांच्या बाटल्यांवरही हाच कायदा होता. प्रत्येक लेबलवर आईचं नाव वर, बापाचं खाली. पांढऱ्या डोळ्यांचं चिलट असेल तर 'पां', लाल डोळ्यांचं असेल तर 'ला'. बस.

पांढऱ्या डोळ्यांची चिलटं त्यांनी नागपूरच्या एका कॉलेजातून मागून आणली होती. बसमध्ये बाटली मांडीवर घेऊन, वर उपरणं पांघरून बसले होते आणि शेजारच्या बाईनं बाळ समजून पाय आवरून घेतले होते. ती चिलटं पिढ्यान्‌पिढ्या बाटलीतच जन्मलेली, बाहेरचं जग न पाहिलेली. लाल डोळ्यांची मात्र आपली इथलीच, रानची. संत्र्याचा मृग बहार उतरायला लागला की सर रामाकोन्याला बागेत जात, झाडाखाली सडलेल्या संत्र्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी टाकून उकिडवे बसत. बागवाला म्हणायचा, "गुर्जी, संत्री न्या ना चांगली. चिलटं कायले नेता?" सर म्हणत, "संत्री तं नागपूरले कोणीबी पाठवते."

आता या दोघांची लग्नं लावून सर काय पाहत होते ते सांगते. नीट ऐका, अवघड नाही.

आई पांढऱ्या डोळ्यांची, बाटलीतली, आणि बाप रानातला लाल. पोरं होतात. दिसायला एकदम खणखणीत, पंख नीट, पाय नीट, उडतात बागडतात. पण त्यांना पुढं पोरं होत नाहीत. भिंगाखाली मादीचं पोट उघडून पाहिलं तर अंडाशय सुकलेलं, असून नसल्यासारखं. आता उलटं करा. आई रानातली लाल, बाप बाटलीतला पांढरा. तीच दोन घराणी, तेच रक्त. यांच्या पोरांना मात्र पोरंच पोरं. बाटलीत अळ्यांची नुसती वळवळ.

हे फक्त उष्णतेतच दिसतं. थंडीत दोन्ही बाटल्या सारख्याच नांदतात. म्हणून सर बाटल्या रांजणात ठेवत, फारच तापलं तर बाहेरून ओलं पोतं गुंडाळत, आणि पारा जिथं हवा तिथंच राहील हे पाहत. पाहुणे म्हणायचे, "ऊन लागलं असेल हो चिलटांना." सर शांतपणे शेजारची बाटली दाखवत. दोन्ही एकाच रांजणात, एकच ऊन. एक भरलेली, एक सुनी.

"हे बाहेरच्या देशात लोकायनं पाह्यलं आहे," सर सांगत. "नागपूरच्या लायब्ररीत वाचलं म्या. पण आपल्या रामाकोन्याच्या चिलटात आहे का नाही, हे कोण पाहीन? म्हून मी पाहून राहिलो."

त्यांचं म्हणणं असं होतं की रानातल्या चिलटांच्या जीनमध्ये एक उडाणटप्पू शिरला आहे. तो एका जागी बसत नाही. स्वतःला उचलतो आणि भलतीकडेच घुसवतो, जिथं घुसला तिथलं मोडतो. आणि हा उडाणटप्पू धुमाकूळ घालतो तो नेमका जननपेशींत, म्हणजे ज्यांच्यातून अंडी आणि बीज तयार होतं तिथं. बाकी अंगाला काही होत नाही, वंश तेवढा तुटतो. रानातल्या आईच्या अंगात हा टप्पू आहेच, पण तिच्या घराण्यानं त्याला गप्प बसवायला शिकून घेतलं आहे, आणि अंडं घालताना ती लेकराच्या शिदोरीत काहीतरी बांधून देते. बाटलीतल्या आईनं हा प्राणी कधी पाहिलाच नाही, तर ती बिचारी काय बांधून देणार? मग बापाकडून टप्पू येतो आणि घरात अडवायला कोणी नाही.

"मंग बाप शिदोरी देत नाही का?" मी विचारलं होतं.

"बापाच्या बीजात जागा कुठं आहे? तिथं फक्त सामान मावते. शिदोरी अंड्यातच मावते."

शिदोरीत काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा कोणालाच नव्हतं. मला कळलं ते मी शिकवत होते त्या शाळेतून निवृत्त व्हायच्या सुमारास, मुलीनं एक लेख वाचायला दिला तेव्हा. आरएनएचे बारीक बारीक तुकडे असतात ते. आई ते अंड्यात भरून ठेवते. प्रत्येक तुकड्यावर त्या टप्पूची ओळख लिहिलेली असते, म्हणजे शिपायाच्या हातात चोराचा फोटो असावा तसं. एक प्रथिन तो तुकडा हातात घेऊन जननपेशीत फिरतं, टप्पूचे निरोप सापडले की तिथल्या तिथं कापतं, आणि त्याच्या जीनलाही टाळं ठोकून ठेवतं. मी लेख वाचत होते आणि मला मक्याच्या पिठाचा वास यायला लागला. सर तेव्हा नव्हते. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगू, फार आनंदही झाला. रांजणात हात घालून, पिसानं चिलटं मोजून माझ्या सरांनी जे म्हटलं होतं ते बरोबर होतं.

तर ती खोली.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या लिंबाच्या सरबतात एक चिलट पडलं. पाहुणे ग्लास हातात घेऊन थबकले. प्राचार्य लाल झाले. आणि आमचे सर उठले, पाहुण्यांच्या ग्लासात वाकून पाहिलं, खिशातून पीस काढून चिलट अलगद बाहेर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "हे आपलंच आहे. पांढऱ्या डोळ्याचं." पोरं बाकांवरून पडायची राहिली होती. प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं की मार्चमध्ये प्रॅक्टिकलला युनिव्हर्सिटीतून परीक्षक साहेब येतील, ते हे काम पाहतील. त्यांनी काम चांगलं म्हटलं तर ठीक, नाही तर बाटल्या बाहेर आणि खोलीत क्रिकेटचं सामान.

सर माझ्याकडे चिठ्ठी देऊन म्हणाले, "चार सालाच्या वह्या आहे आपल्यापाशी. अजून बारा बाटल्या ताज्या लावू. साहेब आपल्या डोळ्यानं पाहतीन." लग्नं लावून, लेबलं लिहून, पुढं पोरं नव्या बाटलीत घालून तेच लेबल त्यावर चिकटवायचं, हे सगळं माझ्याकडे दिलं. माझ्या प्रॅक्टिकलचं कामही तेच धरलं जाणार होतं. माझ्या बापाचं आधीच स्पष्ट होतं: एकदा नापास झालीस की घरी यायचं, मग आम्ही पाहू तुझं. हे सरांना ठाऊक होतं. आत्यानंच सांगितलं होतं.

तेव्हाच घरात आतेभावाच्या लग्नाची धामधूम होती. अक्षर बरं म्हणून पत्रिकांवरची नावं, मानपानाच्या याद्या, सगळं माझ्याच गळ्यात. आठ दिवस मी तेच लिहीत होते.

मार्चमध्ये साहेब आले. इटारसीकडून येणाऱ्या गाडीनं सकाळी उतरले, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. आधी चार वर्षांच्या वह्या शांतपणे चाळल्या, मान हलवली. मग बाटल्यांकडे वळले. प्राचार्य मागं उभे, आणि प्राचार्यांच्या मागं कॉलेजचा शिपाई नवीन कुलूप घेऊन.

"वर पां, खाली ला. म्हणजे आई पांढऱ्या डोळ्यांची," साहेब म्हणाले. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे ही सुनी हवी."

ती अळ्यांनी खदखदत होती.

"वर ला, खाली पां. ही भरलेली हवी."

ती सुनी होती, चिलटं उडत होती पण अळी एकही नाही. साहेबांनी बाराही बाटल्या पाहिल्या. बाराही उलट्या. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सर, तुमच्याच बाटल्या तुमचं ऐकत नाहीत. आधीची चार वर्षं उष्णतेची गडबड असेल. याला पद्धतशीर काम म्हणता येणार नाही मला."

सरांनी एक सुनी बाटली उचलली, भिंग लावून क्षणभर आत पाहिलं आणि खाली ठेवली. म्हणाले, "हाव साहेब. असू शकते."

मला इतका राग आला सरांचा. चार वर्षं उन्हातान्हात बागांमधून फिरायचं, आणि वेळ आली तर "असू शकते"? प्राचार्यांनी शिपायाला डोळ्यानं खुणावलंसुद्धा.

मग माझी परीक्षा. साहेब म्हणाले, "कुठलीही एक बाटली घे, डोळ्यांच्या रंगानुसार मोज." मी रागारागानं ती सुनी बाटलीच ओढली, इथर दिलं, चिलटं कागदावर पसरली आणि पीस फिरवायला लागले. मुली इकडे, मुलगे तिकडे. मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या. मुलगे सगळे पांढऱ्या.

माझा हात थांबला. आमच्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात हे. चिलटांत मुलाचे डोळे आईवर जातात. लाल आईचा मुलगा पांढऱ्या डोळ्यांचा होतच नाही. म्हणजे या बाटलीतली आई पांढऱ्या डोळ्यांची होती. आणि लेबलवर तर वर 'ला' होतं.

आणि मला ती दुपार आठवली. अर्धी यादी लिहून झालेली, आत्या हाका मारत असलेली, आणि मी घाईघाईनं लेबलं लिहीत होते. आठ दिवस पत्रिकेत नवरदेव वर, नवरी खाली. हातानं तेच वळण घेतलं. बाराही लेबलांवर मी बापाचं नाव वर लिहिलं होतं.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी मान हलवली, जेमतेम दिसेल इतकीच. नको, अशी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मघाशी भिंग लावलं तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. लेबल चुकवणं म्हणजे प्रॅक्टिकलमधला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो परीक्षकासमोर माझ्या नावावर लागू नये म्हणून हा माणूस खोली सोडून द्यायला तयार झाला होता.

मी म्हटलं, "साहेब, लेबलं उलटी आहेत. मी लिहिली."

प्राचार्य हसले. "पोरगी सरांना वाचवून राहिली, साहेब."

"सिद्ध कर," साहेब म्हणाले.

"मुलगे पाहा ना, साहेब. मुलग्यांचे डोळे पाहा."

साहेब वाकले. मग त्यांनी कोट काढला. मग खुर्ची ओढली. बाराच्या बारा बाटल्या त्यांनी स्वतः पाहिल्या, तासाभराच्या वर गेला. सुन्या बाटल्यांतले मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे, भरलेल्या बाटल्यांतलं एकूणएक चिलट लाल डोळ्यांचं. शेवटी उठून त्यांनी सरांच्या वहीत स्वतःच्या हातानं बारा ओळी लिहिल्या, आईचं नाव वर धरून, आणि खाली सही केली. प्राचार्यांना म्हणाले, "कुलूप परत न्या. ही खोली कोणी हलवायची नाही."

मला वाटलं, झालं. पण साहेबांनी माझा कागद पुढं ओढला. "लेबल चुकलं. पाच मार्क गेले."

आणि आमचे सर उठले.

"पाच? कायचे पाच?"

"सर, लेबल म्हणजे सगळं असतं."

"गल्ती धरली कोणं? तुम्ही धरली? म्या सांगतली? पोरीनं धरली, भर सभेत."

"धरली तिनं, पण केलीही तिनंच ना."

"तं केल्याचे दोन कापा अन् धरल्याचे तीन द्या. हिशोब सरळ आहे."

साहेब हसायला लागले, पण सर हसत नव्हते. प्राचार्यांसमोर कधी आवाज न चढवलेला माणूस टेबलावर हात आपटून भांडत होता. पाचावरून चारावर आले, चारावर अडले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. साहेब म्हणाले, "अहो, माझी गाडी." सर म्हणाले, "जाऊ द्या गाडी. आधी मार्क." गाडीची शिट्टी आम्ही सगळ्यांनीच ऐकली. त्यानंतर साहेबांनी पाच खोडून दोन लिहिलं आणि सरांना म्हणाले, "आता रात्रीच्या गाडीपर्यंत जेवायला घालायची जबाबदारी तुमची."

साहेबांना आत्याच्या ओट्यावर बसवून आम्ही दोघं भाजी आणायला निघालो. वाटेत मी विचारलं, "सर, तुम्हाले आधीच दिसलं होतं ना?"

"हाव. पाह्यल्याबरोबर."

"मंग बोलले काऊन नाही? खोली गेली असती ना तुमची."

"खोली गेली असती तं बाटल्या मी घरी आणल्या असत्या," सर म्हणाले. "तुही आत्या दोन दिवस बोंबलली असती अन् तिसऱ्या दिवशी तिनंच जागा करून देल्ली असती. तुहं कॉलेज गेलं असतं तं ते मी कुठं नेऊन ठेवलं असतं?"